आक्कांचा राहिलेला दात

रविवार, १२ जानेवारी. बोरी. सकाळी दहा.

हजर: आक्कांचा पुतण्या, त्याची बायको, मठातले स्वामी, गवंडी, शाळेतून निवृत्त झालेले शिपाई मामा आणि मी. विषय एकच: आक्कांचा दात कुठे ठेवायचा.

शाळेत शिक्षिका म्हणून सभांचं इतिवृत्त नेहमी माझ्याकडेच असायचं, त्यामुळे चार माणसं एका जागी बसली की माझ्या हातून आधी तारीख आणि हजेरी लिहिली जाते. या बैठकीची तर खास गरज होती. आक्का गेल्या भाद्रपदात गेल्या. त्यांचा एक दात माझ्याकडे राहिला आहे, छोट्या पितळी करंड्यात, कापसात गुंडाळलेला. तो त्यांच्याबरोबर मातीत जायला हवा होता. तसा शब्द मी दिला होता. पण त्या गेल्या तेव्हा मी मुलीकडे पुण्यात होते. पुतण्याचा फोन आला, मी मिळेल त्या गाडीने निघाले, तरी परभणीत उतरेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

बैठकीत काय ठरलं ते पुढे सांगते. आधी आक्का कोण होत्या ते सांगायला हवं, नाहीतर एका दातासाठी सहा माणसं सुगीच्या दिवसांत कामं सोडून का बसली हे कुणाला कळायचं नाही.

आक्कांचं बोरीत किराणा दुकान होतं. दुकानामागे दोन खोल्या. एकीत त्या एकट्या राहत, दुसरी भाड्याने देत. माझी पहिली नेमणूक बोरीच्या शाळेत झाली तेव्हा मी ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. कपाळावर विभूतीचे पट्टे, नाकात चमकी, काष्टा घातलेलं हिरवं लुगडं. माझं नाव, गाव, जात काहीही न विचारता त्या म्हणाल्या, "हसा बरं."

"काय?"

"हसा म्हन्ते. दात बघू द्या."

मी हसले. हसू येतच होतं. त्यांनी मान वाकडी करून निरखून पाहिलं. "समोर फट हाय. चांगलंय. फटीत काय अडकून बसत न्हाई. ठेवा ट्रंक आत."

पुढची कित्येक वर्षं मी बोरीत 'फटीच्या बाई' होते. आक्का माणसं दातांवरूनच ओळखत. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा लक्षात ठेवायची गरज वाटत नसे. "ते आल्ते की, वरचा सुळा चढलेले." "त्या पुढचा अर्धा दात पडलेल्या बाईला साखर दे." गावात कुणाची सोयरीक जमत आली की मुलाकडचे लोक एखाद्या निमित्ताने मुलीला आक्कांच्या दुकानात आणत. आक्का तिला गूळ-शेंगदाणे खायला देत आणि चावण्याकडे बघत. नकार त्यांनी कधी कुणाला दिला नाही. फार तर म्हणत, "लग्न करा, पन आधी त्या खालच्या दाढंचं बघून घ्या."

दात हा त्यांचा विषय कसा झाला हे त्या सहसा सांगत नसत. मला एकदाच सांगितलं, लवंगा निवडताना. त्यांच्या धाकट्या भावाची दाढ दुखत होती. आईने लवंग ठेवली. गाल फुगला, आईने आणखी लवंग ठेवली. ताप आला, आईने गरम फडक्याने शेकलं. सूज गळ्याखाली उतरली. "बैलगाडी जुपेपर्यंत गेलं लेकरू," आक्का म्हणाल्या, आणि ताटलीतली देठं बाजूला करत राहिल्या. "आईचं काय चुकलं? लवंगीनं ठणका थांबतोय, हे तिला म्हाईत होतं. लवंगीचं काम कुठं संपतंय, हे कुनी सांगितलं न्हवतं."

त्यांचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यावर उभं होतं असं मला वाटतं.

दुकानात दाताचा रोगी आला की ठरलेली पद्धत असे. गोडेतेलाचा रिकामा डबा उलटा घालायचा, त्यावर माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचं. एक छोटी बॅटरी आणि दाढी करायचा आरसा गल्ल्याशेजारी कायम ठेवलेला. मग तीन प्रश्न. थंड पाणी लागतं का? रात्रीची झोप लागते का? ताप हाय का? उत्तर देताना कुणी भलतीकडे वळला, म्हणजे शेतीचं, घरचं सांगू लागला, तर त्या बॅटरीने डब्यावर टकटक करत. "तोंडाचं बोला, तोंडाचं."

बॅटरी लावून बघितलं आणि नुसता ठणका असला तर इलाज सुरू व्हायचा. आधी कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. त्या दुकानासमोरच करायच्या, घरी जाऊन करतो म्हणणाऱ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मग दुखऱ्या दाढेखाली एक लवंग, हळू दाबून धरायची, चावून चोथा करायचा नाही. फारच ठणका असेल तर कापसाच्या बोळ्यावर लवंगतेलाचा एक थेंब, तोही दातापुरता. "हिरडीला चोळलं तर भाजंल. मग दाताचं ऱ्हाईल बाजूला, हिरडीचं रडत बसाल." पेरूची कोवळी पानं उकळून त्याच्या गुळण्या त्या सांगत, पण वर पुस्ती जोडत, "ह्यानं बरं वाटंल. बरं होईल असं मी म्हन्लेलं न्हाई." उन्हाळ्यात शेजारच्या कुल्फीवाल्याकडून बर्फ आणून फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून लावायला देत. गरम शेकायला मात्र सक्त बंदी. ते का, हे मला भावाची गोष्ट ऐकल्यावर कळलं.

डोकेदुखीची गोळी दाढेशेजारी हिरडीवर दाबून ठेवणारे पुष्कळ येत. त्यांच्या हिरडीचं कातडं पांढरं पडलेलं असे. आक्का त्यांना आरसा दाखवत. "बघा. गोळी पोटात जायची वस्तू हाय. दारातच मांडून बसलाव तिला."

दातांना लावायची तंबाखूची मिश्री त्या विकत नसत. बोरीत किराणा दुकान आणि मिश्री नाही, म्हणजे हॉटेल आणि चहा नाही. बायका परत जात, पलीकडच्या दुकानातून आणत. एक म्हातारी हट्टाला पेटली होती.

"मिश्री लावली की ठणका ऱ्हातो आक्का. मी रोज लावायलेय."

"ठणका ऱ्हात न्हाई, तोंड बधिर होतंय. मोरी तुंबली तर नाक दाबून बसतीस का?"

"तुमी लय शिकलेल्या."

"मी चौथी नापास हाय. पन माझे बत्तीस हायेत. तुझे मोज."

हा बत्तीसचा अभिमान खरा होता. साठी उलटून गेली तरी आक्कांचे सगळे दात जागेवर होते, अक्कलदाढांसकट. सकाळी बाभळीची काडी, रात्री झोपताना मिठाच्या गुळण्या, आणि जेवल्यावर शिवणाच्या दोऱ्याने दातांच्या फटी साफ करणं. आम्ही मागच्या ओट्यावर जेवायला बसायचो तेव्हा त्या रिळातून हातभर दोरा तोडून माझ्यासमोर धरत आणि मी तो वापरेपर्यंत ताट उचलू देत नसत.

दोऱ्याने त्यांनी एकदा सरपंचांना वाचवलं. हुरड्याचे दिवस होते. सरपंच मोटारसायकलवरून उतरले तेच गाल धरून. डोळ्यांत पाणी. "आक्का, दाढ गेली माझी. परभनीला जायलोय, काढूनच येतो. तवर काही द्या." आक्कांनी त्यांना डब्यावर बसवलं. बॅटरी लावली. मग दोरा तोडला, दोन दाढांच्या मधे घातला, एक हिसका दिला. दोऱ्याला ज्वारीचं टरफल चिकटून आलं. सरपंच गाल चाचपत राहिले. दुखणं गेलं होतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटत होतं, कारण सगळ्यांनी रडताना पाहिलं होतं.

"जावा परभनीला," आक्का म्हणाल्या. "टरफल दाखवून या."

पण गाल सुजलेला माणूस आला की आक्का वेगळ्या होत. प्रश्न नाहीत, बॅटरी नाही, गंमत नाही. लवंगांची बरणी उचलून त्या मागच्या फळीवर साबणांच्या आड ठेवत. "गाल फुगला की माझं दुकान बंद." आणि खरंच दुकानाच्या फळ्या लावून, त्या माणसाचं मनगट धरून एसटीच्या थांब्यावर जात. परभणीची गाडी आली की कंडक्टरला दम देत. "ह्यांना दाताच्या दवाखान्यापाशी उतरवा. मधी च्याला उतरू देऊ नका. हे पळून जातेत." परभणीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आक्कांनी धाडलेल्या माणसाला त्या रांगेत थांबवत नसत. दोघींची फारशी भेट नव्हती. कंडक्टरमार्फत निरोप चालत.

शिपाई मामांची गोष्ट इथेच सांगते, नाहीतर ते रागावतील. आमच्या शाळेचे हे शिपाई. बाजाराच्या दिवशी गावात दाताची कीड काढणारा एक माणूस यायचा. काटेरी रिंगणीच्या बियांची धुरी द्यायची, नळी तोंडात घालायची, फुंकर मारायची आणि वाटीतल्या पाण्यात पांढऱ्या अळ्या पाडून दाखवायच्या. लोक थक्क होत. आक्का चिडत, पण त्या म्हणत, भांडलं तर लोक आपल्यालाच खोटं पाडतील. एका बाजाराला त्यांनी मामांना बोलावलं, कानात काही सांगितलं आणि त्या माणसापुढे नेऊन बसवलं.

"ह्यांची लय तकलीफ हाय बघा. झोप न्हाई."

त्याने मामांचं तोंड बघितलं, मान हलवली. म्हणाला, आतवर पोखरलंय. धुरी दिली. मामा खोकले. वाटीत चांगल्या टपोऱ्या अळ्या पडल्या. गर्दी पुढे सरकली.

"कुठल्या दातातून निघाल्या हो?" आक्कांनी विचारलं.

"ह्या खालच्या समद्या दाढांतून, माय."

मग मामांनी दोन बोटं तोंडात घातली आणि खालची वरची अख्खी कवळी काढून तळहातावर ठेवली. तो माणूस नळी तिथेच टाकून गेला. पुढे आमच्या बाजाराला तो कधी आला नाही. मामा ही गोष्ट आजही सांगतात आणि सांगताना कवळी काढतात.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आक्का लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती देतात. आक्कांची जागा ठरलेली होती. त्यांच्या शेताच्या बांधाला, नवऱ्याच्या शेजारी. त्याबद्दल त्या सहज बोलत, जसं आपण गावी जायच्या गाडीबद्दल बोलतो. आणि त्यांनी स्वतःच्या मनाने एक नियम केलेला होता: शिवाने जेवढं दिलं तेवढं मोजून परत करायचं. हातपाय, डोळे, बत्तीस दात. एकही कमी नाही. स्वामी एकदा दुकानात आले असताना मी मुद्दाम विचारलं होतं. ते हसून म्हणाले, "असं कुठं सांगितलेलं न्हाई, बाई. हे आक्काचं शास्त्र हाय." आक्का तेव्हा विड्याची पानं पुसत होत्या. म्हणाल्या, "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

एका हिवाळ्यात मला वाटू लागलं की काहीतरी बिघडलं आहे. आक्का भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागल्या. दोरा तोडेनात. गिऱ्हाइकाशी बोलताना उजवी बाजू भिंतीकडे ठेवून उभ्या राहू लागल्या आणि पदर कानावरून गालावर ओढून घेऊ लागल्या. थंडी आहे, म्हणत. लवंगांची बरणी भराभर उतरत होती आणि दाताचे रोगी तर कुणी येत नव्हते. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हिशेबाच्या वह्या, पावसाने झालेली नासाडी असलं काहीबाही काढलं.

मग एका सकाळी मी शाळेला निघताना त्यांना हाक मारली आणि त्यांनी वळून बघितलं तेव्हा पदर घसरला. उजवा गाल जबड्याखालपर्यंत ताठ झाला होता. डोळे तापाने लाल. त्यात त्यांना साखरेचा आजार.

मी पिशवी खाली ठेवली. दुकानात गेले, लवंगांची बरणी उचलली आणि मागच्या फळीवर साबणांच्या आड ठेवली.

"काय करायलाव?" त्यांनी विचारलं. तोंड पुरतं उघडत नव्हतं.

"गाल फुगला की दुकान बंद, आक्का."

"उगं खेळू नका, बाई. ठेवा ती बरनी जाग्यावर."

"चला. नऊची गाडी आहे."

"न्हाई."

"ताप आहे तुम्हाला."

"ताप उतरंल."

"तुमच्या भावाचा उतरला होता का?"

त्या डब्यावर बसल्या. ज्या डब्यावर सगळ्या गावाला बसवलं होतं त्याच. रस्त्यावरून दुधाच्या मोटारसायकली जात होत्या.

"तितं गेलं की काढत्यात," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "मी धाडलेल्या समद्यांचे काढले. एकाचा ठेवला न्हाई. माझा काढला की एकतीस. मी काय तोंड घेऊन जाऊ वर? धनी इचारतील, एक कुठं सांडून आलीस?"

मला त्या वेळी हसू आलं नाही. त्यांना मरायची भीती नव्हती. अपुरं जायची होती. आणि त्या भीतीपायी त्या भावाच्याच वाटेने निघाल्या होत्या, सगळं माहीत असून.

मला यादी करायची सवय आहे. अडचण आली की मी तिचे तुकडे करते. म्हणाले, "आक्का, दात काढला तरी तो तुमचाच ना? डॉक्टर घरी नेत नाहीत. आपण मागून घेऊ. धुऊन, कापसात गुंडाळून ठेवू. तुमची वेळ आली की मी तो तुमच्या हातात देईन. बत्तीसच्या बत्तीस."

त्यांनी वर बघितलं. "पुतन्या विसरल."

"मी विसरत नाही."

"ते हाय," त्या म्हणाल्या. "तुमी वाळवनाची बी यादी करताव." मग: "शब्द?"

"शब्द."

मग त्या उठल्या आणि स्वतःच्या हाताने फळ्या लावल्या.

गाडीत त्या खिडकीला बसल्या, पदरात तोंड झाकून. कंडक्टर ओळखीचा. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कुनाला उतरवायचं आक्का?" मी बोटाने त्यांच्याकडेच दाखवलं. परभणीत त्याने गाडी थांबा सोडून दवाखान्याच्या तोंडाशी उभी केली.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. तोंडात बोटही नीट जाईना. त्यांनी ताप बघितला, साखर बघितली, गळ्याखाली चाचपलं. म्हणाल्या, "आज आलात ते बरं केलंत. ही सूज खाली उतरली तर गिळायला त्रास होतो, श्वासाला होतो. मग माझ्या हातात राहत नाही, मोठ्या दवाखान्यात न्यावं लागतं." त्यांनी पू काढला, सुया दिल्या, साखरेच्या डॉक्टरांना फोन केला. दात काढायला दोन-तीन दिवसांनी बोलावलं.

तो काढला त्या दिवशी मी खोलीत होते. आक्कांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, जसं त्या सगळ्यांचं धरत. झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी दात स्वच्छ करून त्यांच्या तळहातावर ठेवला. लांब मुळांची मोठी दाढ होती. आक्कांनी ती उलटसुलट केली.

"ह्याची नस किडली होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थंड पाणी प्यायल्यावर कळ येऊन बराच वेळ राहायची का? काही महिन्यांपूर्वी?"

"राखी पुनवेपासून."

"तेव्हाच आला असता तर आतली नस साफ करून, वर टोपी बसवून दात ठेवता आला असता."

आक्कांच्या तोंडात कापूस होता. त्यांनी तो बोटाने बाजूला केला. "ठेवतेत?"

"ठेवतात की."

"किडलेला?"

"किडलेला. वेळेत आला तर."

आक्का खुर्चीत ताठ बसल्या. "मी इतकी वर्सं तुमच्याकडं मान्सं धाडायलेय. एकदा तरी सांगायचं व्हतं!"

डॉक्टरीणबाई अवघडल्या. मग सावकाश म्हणाल्या, "आक्का, तुम्ही पाठवायचात तेच गाल फुगल्यावर. तोवर ठेवण्यासारखं काही उरलेलं नसायचं. मला वाटलं, आधीची माणसं दुसरीकडे जात असतील."

त्यांना वाटलं आधीची दुसरीकडे जातात. आक्कांना वाटलं दवाखाना म्हणजे फक्त काढणं. आणि मधे कंडक्टर निरोप पोचवत होता. इतक्या वर्षांत दोघींपैकी एकीनेही दुसरीला विचारलं नव्हतं.

येताना गाडीत आक्का दात मुठीत धरून बसल्या होत्या. वाटेतलं झरी गाव गेल्यावर एकदम म्हणाल्या, "आईला लवंगीचं काम कुठं संपतंय ते म्हाईत न्हवतं. मला दवाखान्याचं कुठं सुरू होतंय ते म्हाईत न्हवतं."

त्यानंतर दुकानातला नियम बदलला. गुळण्या आणि लवंग दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दुखणं असो, कमी असो, परभणीची गाडी. थंड पाण्याची कळ रेंगाळणाऱ्याला तर त्या लवंग देतच नसत. "कशाला देऊ? ठणका थांबला की तू घरी बसशील. जा, ठेवून ये दात." लोक हसत. दुखत नसताना दवाखाना? पण आक्का मनगट धरत, आणि त्यांच्या हातातून मनगट सोडवणं सोपं नव्हतं. वाचलेला दात घेऊन परत आलेल्या माणसाला त्या डब्यावर बसवून बॅटरीने ती टोपी बघत आणि कितीतरी वेळ बघत राहत. एकदा मला वाटलं त्या रडत आहेत. म्हणाल्या, बॅटरीचा उजेड डोळ्यांवर आला.

माझी बदली परभणीला झाली तेव्हा निघताना त्यांनी करंडा माझ्या ट्रंकेत स्वतः ठेवला. साड्यांच्या मधे, तळाशी.

तर, बैठक.

स्वामींनी दात बघितला. मी जरा घाबरतच विचारलं, शास्त्रात बसतं का. ते म्हणाले, "शास्त्रात न्हाई. पन तिनं तुमच्यावर टाकलंय ना? मग देऊन टाका."

पुतण्याची बायको म्हणाली, "आत्ताच जाऊ या की समाधीवर. खुरप्यानं वीतभर उकरू, ठेवू, माती लोटू."

स्वामींनी मान हलवली. "दिलेली माती परत उकरायची न्हाई. ओटा बांधायला घ्याल तेव्हा पहिल्या दगडाखाली ठेवा. मी येतो."

सगळ्यांनी गवंड्याकडे बघितलं. गवंडी म्हणाला, "बांधतो की. पन आत्ता न्हाई बाई. काळी मऊ माती हाय. अजून खाली बसायलीय. आत्ता ओटा घातला तर वर्साच्या आत भेगा पडतील. एक पावसाळा खाऊ द्या जमिनीला."

"तोवर आमच्या देवघरात ठेवू का?" पुतण्याने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "नको. काकूनं तुमच्याकडंच दिलाय. मी खरंच विसरन."

शिपाई मामांनी करंडा मागितला. कापूस उलगडून दात उजेडाकडे धरला. बराच वेळ बघून म्हणाले, "वरून तर चांगला दिसायलाय की. कामून काढला?"

"वरून दिसत नाही, मामा," मी म्हणाले. "आतून गेला होता. आधी गेलो असतो तर राहिला असता."

मामांनी दात परत गुंडाळला, करंड्याचं झाकण दाबून बसवलं आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. आम्ही सगळे बांधावर जाऊन आलो. ज्वारी कमरेच्या वर आली आहे. मधोमध मातीचा उंचवटा, त्यावर पुतण्याच्या बायकोने लावलेली तुळस. मी तिथे उभी राहून आक्कांना सांगितलं की उशीर होतो आहे, पण होतो आहे.

ठरलं ते असं. दगड पुतण्याने आणायचे. ओटा गवंड्याने दिवाळीनंतर बांधायचा. पहिल्या दगडाखाली दात मी ठेवायचा. तोवर तो माझ्याकडे.

द्यायचा राहिला आहे.